कातरलेला कान

"हरामी, हरामी," असं ओरडत त्या माणसानं आमच्या बोकडाचा डावा कान धरून वर उचलला होता, आणि बोकडाच्या गळ्यातल्या दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. आपल्याकडे ही शिवी. अरबीत तिचा साधा अर्थ चोर. शिवी असती तर मी तिथल्या तिथे सवाई शिवी परत केली असती, त्या बाबतीत माझा हात धरणारं कुवेतात कोणी नव्हतं. पण चोर म्हटल्यावर मी दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला. चारशे उंट, पाच हजार मेंढ्या, तूपवाल्या बायका, सरपणवाले, गाढवावरून पाणी विकणारे, सगळा जुम्याचा बाजार एका क्षणात गप्प झाला. माझी नात नुसतं बाजाराचं वर्णन ऐकते तेव्हा म्हणते, "नानी, यू आर एक्झॅजरेटिंग, चारशे उंट मावतील का तिथे?" बरं, चाळीस धरा. पण गप्प झाला हे खरं, आणि त्या गप्पपणात बोकड एकटाच ओरडत होता, हेही खरं. ज्या गोष्टी मला वाढवून सांगाव्याशा वाटत नाहीत त्या आयुष्यात फार थोड्या आहेत. ही त्यातली एक आहे, म्हणून आजवर कोणाला सांगितली नाही.

आम्ही तेव्हा मातीच्या भिंतींच्या एका घरात राहत होतो. गल्ली इतकी अरुंद होती की समोरून गाढव आलं तर दोघांपैकी एकानं माघार घ्यायची, आणि गाढव घ्यायचं नाही. मध्ये अंगण, अंगणात पाण्याचा रांजण, कडेच्या खोलीत अब्बांचं शिलाई मशीन, तेच दुकान. अब्बा शिंपी. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष बोटीवर जायचे. अब्बांना मात्र बंदरातल्या पाण्याकडे बघूनच ओकारी व्हायची, म्हणून ते एकदाच बोटीत बसले आणि कुवेतला उतरून अरबांचे पायघोळ झगे शिवायला लागले. त्यांचा आवाज मी फारसा ऐकलेलाच नाही. घरात बोलायचं ते मशीन. सकाळी त्याची टकटक सुरू झाली की अम्मा तांदळाच्या भाकऱ्या थापायला घ्यायची. गावाहून लाँचमधून आलेले नारळ जपून जपून फोडायची, आणि पापलेटाच्या कालवणात कोकमाची सोलं टाकताना प्रत्येक सोलाला असं न्याहाळायची जसं ते शेवटचंच आहे. तिचं कालवण रटरटायला लागलं की बसऱ्यापासून मांजरं चालत यायची.

अब्बांचा एक नियम होता. घरात कोणी शपथ घ्यायची नाही. मी दिवसातून पन्नासदा "अल्लाकसम" म्हणणारी. माझ्या तोंडून तो शब्द निघाला की मशीन थांबायचं. अब्बा रागवायचे नाहीत, मान वर करून बघायचेही नाहीत. फक्त मशीन थांबायचं, आणि मी "बरं, कसम नाय" म्हटल्यावर पुन्हा सुरू व्हायचं. खरं बोलणाऱ्याला कसम लागत नाही आणि खोटं बोलणाऱ्याला ती पुरत नाही, असं ते एकदा अम्माला म्हणाल्याचं मी दाराआडून ऐकलं होतं. दुकानात गिऱ्हाईक कापडावरून दहा शपथा घालायचं, अब्बा नुसते टेपानं खांदे मोजायचे.

त्या वर्षी माझा थोरला भाऊ, याकूबभाय, विषमज्वरानं पडला. सरकारी दवाखान्यात त्याला पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं, आणि मी तेरा वर्षांची, रोज दाराशी उभी राहून बघायची की चादर हलते की नाही. अम्मानं गावच्या पीराला बोकड नवसाला बोलला. भाय वाचला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याचं वजन माझ्या ओढणीपेक्षा कमी असावं. वाऱ्यानं उडू नये म्हणून मी त्याच्या खिशात कात्र्या ठेवायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभर दर महिन्याला दाखवायला आणा. आता मन्नतीचा बोकड गावी कसा पाठवणार. अम्मा म्हणाली, इथंच घेऊ, पीराच्या उरुसापर्यंत पाळू, त्या दिवशी इथंच कापू आणि गरिबांत वाटू. पीर काय पत्ता विचारत बसत नाही.

तो बोकड जुम्याच्या बाजारात मिळाला. शहराच्या तटाबाहेर, वेशीपासून थोड्या अंतरावर, दर शुक्रवारी सकाळी वाळवंटातली माणसं उतरायची आणि नमाजाची बांग होण्याआधी उठून जायची. काळ्या कांबळ्यांवर तुपाच्या कातडी पिशव्या, वाळवलेल्या ताकाचे पांढरे गोळे, उकडलेले टोळ, पावसानंतरच्या दिवसांत वाळूखालून काढलेल्या, बटाट्यासारख्या दिसणाऱ्या अळंब्या. वास असा की डोळे मिटूनही कुठल्या ओळीत आहोत ते कळावं. अब्बा आणि मी दर जुम्याला जायचो. अब्बांची अरबी म्हणजे बाही, गळा, लांबी, "उद्या या". बाकी सगळं मी. मला अरबी कशी आली ते मलाही ठाऊक नाही. जिथं तोंड चालवायला मिळेल तिथली भाषा मला तीन दिवसांत यायची.

एका उंच, घाईत असलेल्या माणसाकडून आम्ही बोकड घेतला. त्याच्याकडे तेवढं एकच जनावर होतं आणि तो आमच्याकडे न बघता वेशीकडे बघत होता. बोकड काळा, पाय पांढरे, जणू पीठ मळून आलाय. डाव्या कानाची कड थोडी फाटलेली, कुत्र्यानं ओढल्यासारखी. मन्नतीच्या बोकडाचा कान कातरायची आमच्याकडे रीत. गावात तसा बोकड कोणाच्या वाफ्यात शिरला तरी कोणी हाकलत नाही, कान बघितला की लोक हात जोडून बाजूला होतात. अब्बांनी घरी आल्यावर दुकानातली मोठी कातर काढली, बिस्मिल्ला म्हटलं, आणि शिंपीच ते, फाटलेली कड दिसल्यावर त्यांना राहवेना. फाटलं होतं तिथंच सरळ करून घेतलं, आणि वर एक त्रिकोणी खाच दिली, झग्याच्या गळ्याला देतात तशी. मी बोकडाचं तोंड धरलं होतं. मला वाटलं, सुबक झालं.

बोकड माझ्यामागे कुत्र्यासारखा फिरायचा, म्हणून मी त्याला दर जुम्याला बाजारात न्यायला लागले. अम्मा म्हणायची, मन्नतीचं जनावर मिरवू नये गो, नजर लागते. मी कशाला ऐकते. तूपवाल्या बायकांच्या ओळीत उम्म सालिम नावाची एक बाई बसायची. चेहऱ्यावर काळा बुरखा, त्यातून दोनच डोळे, आणि त्या डोळ्यांत काय चाललंय ते कधी कळायचं नाही. पण तिच्यासारखी ऐकणारी मला पुन्हा मिळाली नाही. मी तिला सांगितलं होतं की आमच्या गावात आंबे माणसाच्या डोक्याएवढे असतात आणि पडले की खाली माणसं मरतात. माझ्या आजोबांनी मगरीवर बसून खाडी ओलांडली, हेही सांगितलं होतं. ती ताकाचा एक गोळा माझ्या हातावर ठेवायची, म्हणजे पुढे सांग. आणि तिनं बोकडाकडे बघून विचारलं, हा कुठला, तेव्हा बाजारात विकत घेतला हे उत्तर मला इतकं फिकं वाटलं की माझ्यानं ते देववेना.

मी सांगितलं की माझ्या बापानं तो वाळवंटात धरला. जहरा नावाच्या गावापलीकडे, एकटा, लांडगा एका बाजूनं ओढतोय आणि बाप दुसऱ्या बाजूनं. माझा बाप, जो झुरळ दिसलं तर मशीनवर पाय घेऊन बसायचा. ती ऐकत होती, म्हणून मी आणखी वाढवलं. कान का कातरलाय, असं तिनं विचारलं. मन्नत तिला कशी समजावणार, आणि खरं म्हणजे समजावायची इच्छाही नव्हती. गोष्ट रंगात आली होती. मी पुढे वाकले, आवाज बारीक केला आणि म्हटलं, कोणाला ओळखू येऊ नये म्हणून.

उम्म सालिमनं माझ्या हातावर दोन गोळे ठेवले.

पुढच्या जुम्याला लाल चौकटीचं फडकं बांधलेला एक माणूस मेंढरांच्या ओळीच्या टोकाला उभा होता. विकत काही नव्हता, घेत काही नव्हता. बोकडाकडे बघत होता. त्याच्यापुढच्या जुम्याला तो तूपवाल्यांच्या ओळीत आला आणि उम्म सालिमसमोर उकिडवा बसून बराच वेळ बोलला. वारा सुटला होता, धूळ उडत होती, सूर्य तांब्याच्या ताटासारखा झाला होता, त्यामुळे मला त्याचं तोंड दिसलं नाही. बोकड मात्र त्या दिवशी माझ्यामागे येईना. चारी पाय रोवून त्या माणसाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. मी घरी येऊन भायला सांगितलं की एक अरब आपला बोकड सोन्याच्या भावानं मागतोय. भाय खाटेवरून म्हणाला, "मग दे टाकून, जैनू. माझ्यापेक्षा तोच जास्त खातोय." आम्ही हसलो. मशीन चालू होतं.

आणि त्याच्यापुढच्या जुम्याला त्यानं कान धरला.

अब्बा दहा पावलांवर गुंड्या निवडत होते. ते आले तेव्हा त्यांच्या मुठीत शिंपल्याच्या गुंड्या होत्या, आणि त्या शेवटपर्यंत मुठीतच राहिल्या. माणूस ओरडून लोकांना सांगत होता की त्याच्या कळपातले तीन बोकड गेले, त्याच्या सगळ्या जनावरांच्या डाव्या कानाला खूण असते, आणि या परदेशी शिंप्यानं खुणेवर कातर चालवून ती मिटवली. शिंप्याच्या मुलीनं स्वतः सांगितलंय. अब्बांना एकही शब्द कळत नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. "काय झाला गो? काय म्हणतोय तो?" मी म्हटलं, बोकड त्याचा म्हणतोय. बाकीचं सांगितलं नाही.

मला ठाऊक होतं काय जाणार आहे. दुकान अब्बांचं नव्हतं. कागदावर ते एका अरब मालकाचं होतं, आमचं राहणं त्याच्या सहीवर होतं, आणि तो भला असला तरी चोराला सही देणारा नव्हता. चोरीचा एक शब्द त्याच्यापर्यंत गेला की आठ दिवसांत आम्ही लाँचवर. आणि लाँचवर, उन्हात, आठ-दहा दिवस, खिशात कात्र्या घालून चालणारा माझा भाऊ. गावात दवाखाना होता तो तीन कोस चालून आणि होडीनं खाडी ओलांडून.

बाजारात जनावरांची भांडणं एका म्हाताऱ्यापुढे जायची. तो भिंतीच्या सावलीत कॉफीची किटली घेऊन बसायचा. डोळे दुधाळलेले होते, बहुधा दिसत नसावं, कारण त्यानं बोकडाला बघितलं नाही, हातानं वाचलं. पाठ, शिंगं, मग कान. अंगठा कातरलेल्या कडेवरून एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. मग त्यानं उम्म सालिमला बोलावलं. ती आली आणि उभी राहिली. या मुलीनं काय सांगितलं, म्हाताऱ्यानं विचारलं. तिनं सांगितलं. वाळवंट, जहरा, कोणाला ओळखू येऊ नये म्हणून. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. लांडगासुद्धा सोडला नाही, आणि लांडग्यावर कोणी हसलं नाही.

म्हातारा माझ्याकडे वळला. मी म्हटलं, ते खोटं होतं, मी गोष्ट सांगत होते. माझा आवाज, जो एरवी तटाच्या आतल्या माणसाला झोपेतून उठवायचा, माझा मलाच ऐकू आला नाही. लाल फडकेवाला म्हणाला की चोराची पोर आता खोटं बोलतेय. म्हणजे मी आधी खरं बोलले होते आणि आता खोटं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गोष्टीवर कोणीतरी पूर्ण विश्वास ठेवला होता.

म्हाताऱ्यानं काठीनं वाळूत एक गोल काढला. वाळवंटातल्या लोकांची ती रीत. ज्याच्यावर आळ आहे त्यानं गोलात उभं राहून अल्लाहची शपथ घ्यायची. शपथ घेतली की फिर्याद्यानं मागे व्हायचं, आणि शपथ खोटी असेल तर पुढचं अल्लाह बघून घेईल, ते त्याच्या पोराबाळांवर येईल. तो मला म्हणाला, तुझ्या बापाला विचार, बोकड चोरला की विकत घेतला. एवढंच विचार.

मी अब्बांना विचारलं, आणि शपथ घ्यावी लागेल हे सांगितलं. अब्बा त्या गोलाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता जगातली सगळी मशीनं थांबली. मग त्यांनी चपला काढल्या, जशा मशिदीच्या दाराशी काढतात, आणि आत जाऊन उभे राहिले. वाळू तापली होती. त्यांचे पाय पांढरे, कधी ऊन न लागलेले, पायमशीन चालवून चालवून तळवे सपाट झालेले.

"वल्ला," अब्बा म्हणाले. तेवढं सगळ्यांना कळलं. मग आमच्या बोलीत, हळू, मला समजेल असं, "सांग त्यांना, मी चोरला नाय. याच बाजारात, उजेडी, विकत घेतला. आणि हेही सांग, कान आधीच फाटलेला होता. मी फाटलेल्या जागीच कातर चालवली. तिथं आधी काय खूण होती की नाय, ते मला ठाऊक नाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मान हलवत होते, सांग, सांग.

मी म्हाताऱ्याकडे वळले आणि अरबीत म्हटलं, "माझा बाप अल्लाहची शपथ घेऊन सांगतो, त्यानं चोरला नाही. याच बाजारात, उजेडी, विकत घेतला." आणि थांबले.

अब्बा माझ्यापेक्षा जास्त बोलले होते, हे म्हाताऱ्याच्या कानांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यानं काठीनं गोल पुसला. लाल फडकेवाल्यानं कान सोडला. तो ओरडला नाही, त्यानं शिवी दिली नाही, अब्बांकडे बघितलंही नाही. वाळूत थुंकून पाठ फिरवली आणि आपल्या कळपाकडे चालायला लागला. आणि माझ्या मनगटाची दोरी ताणली गेली. बोकड त्याच्यामागे जायला बघत होता. त्यानं पाय रोवले, मान लांब केली आणि असा ओरडला की मी दोन्ही हातांनी दोरी धरली. लोकांनी बघितलं असेल किंवा नसेल. मी अब्बांच्या आणि बोकडाच्या मध्ये उभी राहिले.

घरी येताना वेशीपाशी अब्बा थांबले. मुठीतल्या गुंड्या त्यांनी खिशात टाकल्या. तळहातावर गोल गोल ठसे उमटले होते. "सगळं सांगितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"होय अब्बा."

त्यांनी मान डोलावली. त्यानंतर कित्येक वर्षं ते अधूनमधून अम्माला म्हणायचे, आपण सगळं सांगितलं होतं, तरी त्या माणसानं बोकड सोडला, भला माणूस असणार. मी तेव्हा स्वयंपाकघरात जायची. अब्बांच्या मैयतीला मी त्यांच्या तळव्यांकडे बघत होते. आता माझेच तळवे सपाट झालेत, आणि हे लिहिताना बाहेर पोरं टीव्ही लावून बसलीत, मशीनची टकटक कुठेही नाही.

उरुसाच्या दिवशी अंगणात बोकड कापला. अम्मानं मटण गल्लीभर वाटलं, थोडं घरी ठेवलं, त्याचं कालवण भायच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "खा, तुझ्या जिवावरून उतरवलेला सदका." पोटात दुखतंय म्हणून मी जेवले नाही. भायनं तीन वेळा मागून घेतलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, प्रत्येक घासाला. तो आजही आहे, चिपळूणला, नव्वदीकडे झुकलाय, माझ्यापेक्षा खणखणीत. पण त्याला साधा खोकला झाला तरी मी अजून फोन करते. तो म्हणतो, "जैनू, मरत नाय मी, झोप." त्याला वाटतं माया आहे.

बोकडाचा कातरलेला कान अब्बांनी कातड्यासोबत दिला नाही. मीठ लावून तो कुठं ठेवला, की पुरला, ते मला कधी कळलं नाही.

शपथेनंतरच्या जुम्याला अब्बा बाजारात आले नाहीत. मी अम्माला सुयांचं निमित्त सांगून एकटी गेले. उम्म सालिम जागेवर होती, तुपाच्या पिशव्या, पांढरे गोळे, दोन डोळे. मी तिच्यासमोर बसले. नेहमीसारखी बसले खरी, पण या वेळी माझ्याकडे सांगायला गोष्ट नव्हती. धूळ बसली होती, आकाश स्वच्छ होतं, मेंढरांच्या ओळीच्या टोकाला कोणी उभं नव्हतं, आणि तरी मी दर थोड्या वेळानं तिकडे बघत होते. शेवटी मी विचारलं, तुम्हाला तर ठाऊक होतं ना, मी खोटं सांगत होते ते. आंबे, मगर, लांडगा, सगळं. ठाऊक होतं ना?

तिनं पिशवीचं तोंड बांधलं, गाठ ओढून बघितली.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "ते म्हाताऱ्यानं विचारलं नाही."